पॅनलचा कागद आणि आपली सही

प्रति,
सोलापूर शहर-परिसरातले आर्किटेक्ट, परवानाधारक इंजिनीअर, फॅब्रिकेटर आणि पॅनल विकणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

माझ्या ऑफिसच्या टेबलावर पॅनलचा, म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मध्ये फोम अशा तयार भिंतीचा, एक हातभर तुकडा काही वर्षांपासून पडून आहे. येणारा प्रत्येक जण तो उचलतो, "किती हलका आहे हो!" म्हणतो आणि परत ठेवतो. त्याचा पत्रा कुणी ओढून बघत नाही. ओढला तर निघतो, तोही नुसत्या अंगठ्याने. हा तुकडा कुठून आला ते पुढे सांगतो. आधी पत्राचं निमित्त.

मागच्या महिन्यात विजापूर रस्त्याकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. "सर, गच्चीवर पोरासाठी खोली बांधायलोय. पॅनल आलेत, फॅब्रिकेटर आलाय. तुमची फक्त सही पाहिजे." फक्त सही! मी म्हटलं, पॅनलचे कागद पाठवा. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर बारा पानांची पीडीएफ आली. चकचकीत होती. पहिल्या पानावर बर्फात उभं असलेलं घर, आत इंग्रजीतला एक अमेरिकन मूल्यांकन अहवाल, शेवटी विक्रेत्याचा शिक्का. अहवाल खोटा नव्हता. पण तो ज्या पॅनलचा होता त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी कपच्यांचा दाबलेला बोर्ड होता, ज्याला ओएसबी म्हणतात. गृहस्थांच्या गच्चीवर पडलेल्या पॅनलला दोन्हीकडे अर्धा मिलिमीटरचा रंगीत पत्रा आणि आत थर्माकोल. म्हणजे लग्न एकाचं आणि पत्रिका दुसऱ्याची.

मी सही केली नाही. खोली उभी राहिली. कुणाची तरी सही झाली असणार, किंवा झालीही नसेल. जुळे सोलापूरपासून होटगी रस्त्यापर्यंत गच्च्यांकडे मान वर करून बघत या, असल्या खोल्या तुम्हालाही दिसतील. आपल्यातल्याच कुणीतरी त्या विकल्यात, उभ्या केल्यात, नाहीतर त्यांच्याकडे काणाडोळा केलाय. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

पॅनलला माझा विरोध आहे असं कुणी समजू नका. उलट आपल्या गावाला ही वस्तू हवीच आहे. मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो, वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरालाही तव्यासारखा तापलेला असतो. आपल्या आजोबांच्या काळी या भागात माळवदाची घरं होती. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, वर वीत-दोन वीत पांढरी माती. भर दुपारी आत माठासारखं गार. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ रिश्टरचा धक्का बसला, तेव्हा याच मातीच्या छतांनी आणि दगड-मातीच्या जाड भिंतींनी झोपेतली हजारो माणसं गाडली. किल्लारी इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच्या नकाशावर तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत तो तिसऱ्या झोनमध्ये गेला आणि आपलं सोलापूरही त्यात त्याच झोनमध्ये होतं. गारवा हवा तर वजन घ्यावं लागतं आणि वजन घेतलं की भूकंपाची भीती, असा हा जुना पेच. नऊ इंची विटेची भिंत प्लास्टरसकट चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास भरते. ५० मिलिमीटरचा पफ (पॉलियुरेथेन फोमचा) पॅनल भरतो दहा किलो. आणि त्यातून आत येणारी उष्णता विटेच्या मानाने कितीतरी कमी. इको निवास संहितेने, म्हणजे घरांच्या ऊर्जा बचतीच्या संहितेने, छतासाठी यू-व्हॅल्यूची (एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून जाणाऱ्या उष्णतेची) कमाल मर्यादा १.२ वॉट ठेवली आहे. चांगला पफ पॅनल अर्ध्याच्याही खाली असतो. तेव्हा गारव्याच्या परीक्षेत सगळे पास. विक्रेतेही तेवढंच दाखवतात. माझा प्रश्न दुसऱ्या पेपरचा आहे.

स्ट्रक्चरल इन्सुलेटेड पॅनल या नावातला 'स्ट्रक्चरल' हा शब्द फुकट मिळत नाही. आय सेक्शनचा गर्डर सगळ्यांनी पाहिलाय. वरची-खालची पट्टी ताण आणि दाब घेते, मधला उभा पत्रा त्या दोघींना एकमेकींपासून दूर आणि एकमेकींशी बांधून ठेवतो. पॅनल म्हणजे तोच गर्डर, भिंतीएवढा रुंद. दोन बाजूंच्या कातड्या म्हणजे पट्ट्या, मधला फोम म्हणजे उभा पत्रा. गर्डरमध्ये त्यांना वेल्डिंग जोडतं, पॅनलमध्ये जोडतो गोंद. गोंद सुटला की गर्डर संपला. उरतात दोन पातळ पत्रे आणि मध्ये थर्माकोलची लादी.

आता तो तुकडा. २०१८ साली एका गोदामावरच्या ऑफिसला मी स्टॅबिलिटी सर्टिफिकेट दिलं होतं. पॅनलच्या भिंती, पॅनलचं छत, आत सांगाडा नाही. विक्रेत्याने दिलेल्या कोष्टकात छताचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, बसत होता, मी कोष्टक जोडलं आणि सही ठोकली. कोष्टक कुठल्या चाचणीवरून काढलंय ते विचारलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मालकांचा निरोप आला की पश्चिमेच्या भिंतीला फुगा आलाय. जाऊन बघतो तर गडद निळ्या पत्र्यावर भाकरीच्या तव्याएवढा फुगवटा. खिशातलं एक रुपयाचं नाणं काढून टकटक करत गेलो. कुठे भरीव आवाज, कुठे पोकळ. पोकळ भागाला खडूने रेघ मारत गेलो तर निम्मी भिंत खडूची झाली. मालक शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

एक पॅनल उतरवून हॅकसॉने कापला. पत्रा सोलला तर आत गोंद अखंड पसरलेला नव्हता. गांडूळ सरकत गेल्यासारख्या चार-पाच रेघा, मध्ये कोरडा थर्माकोल. गडद पत्रा उन्हात साठ-सत्तर अंशांवर जातो, थर्माकोल ऐंशीच्या आसपास मऊ पडायला लागतो, पत्रा रोज फुगतो-आकसतो आणि त्या चार रेघांनी किती दिवस धरून ठेवायचं? विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, वॉरंटी रंगाची आहे. आम्ही आतून स्टीलचा सांगाडा घातला, खर्चातला वाटा मी उचलला. कुणाला खरचटलंही नाही, हे नशीब. त्यात माझ्या डिग्रीचा काही हात नव्हता.

तेव्हापासून मी कागद वाचायला लागलो.

या वस्तूचा जन्म अमेरिकेतला. तिथल्या वन उत्पादन प्रयोगशाळेने १९३५ साली मॅडिसन गावात असल्या तत्त्वावरचं पहिलं प्रायोगिक घर बांधलं. फोमचा गाभा घालून पॅनल केला तो ॲल्डन डाऊ या आर्किटेक्टने, १९५२ मध्ये. आणि तिथल्या निवासी घरांच्या कोडमध्ये, म्हणजे आयआरसीमध्ये, या भिंतींचं प्रकरण दिसतं २००९ च्या आवृत्तीत. मध्ये ५७ वर्षं गेली. आज ते प्रकरण आर ६१० या क्रमांकाखाली आहे आणि ते फक्त भिंतींचं आहे. छताला तिथेही स्वतंत्र हिशोब करावा लागतो. भिंतींनाही कुंपण आहे: घर जास्तीत जास्त दोन मजल्यांचं, साठ फूट बाय चाळीस फुटांच्या आतलं, भिंत दहा फुटांपेक्षा उंच नको, वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेत, भूकंपाच्या सौम्य ते मध्यम वर्गातच. कातडी लाकडी बोर्डाचीच. गाभ्याची घनता, गोंद, स्क्रूचं अंतर, खालची लाकडी पट्टी, सगळं ठरवून दिलेलं. पत्र्याचा पॅनल त्या कोष्टकात बसतच नाही, त्याने वेगळ्या चाचण्या देऊन वेगळा अहवाल आणायचा. आणि तो अहवालही त्या कंपनीच्या त्या कारखान्यातल्या त्या जाडीच्या पॅनलपुरता. बर्फातल्या घराची पीडीएफ जोडून तुम्ही-आम्ही सही करतो तेव्हा आपण नक्की कशावर सही करतो?

आपल्याकडे काय आहे ते बघू. मालाचे कोड आहेत: थर्माकोलसाठी आयएस ४६७१, पॉलियुरेथेन फोमसाठी आयएस १२४३६, फायबर सिमेंटच्या सपाट बोर्डसाठी आयएस १४८६२. पण हे सुटे सुटे माल झाले. गाभा आणि कातड्या चिकटवून झालेली भिंत वरच्या मजल्याचं किती वजन पेलेल याचं तयार कोष्टक त्यांच्यात नाही. याद्या तपासून "सगळं आयएस मार्क आहे" म्हणणं म्हणजे तांदूळ, डाळ आणि तेल उत्तम आहे म्हणून खिचडी करपली नाही असं सांगणं.

मग मार्ग बंद आहे का? मुळीच नाही, आणि हेच आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसावं असं वाटतं. डिसेंबर २०२० पासून आपण ज्या यूडीसीपीआरखाली, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीखाली, काम करतो, तिच्यात पर्यायी साहित्य आणि पर्यायी बांधकाम पद्धतीचं कलम आहे. नियमावलीत नाव नाही म्हणून नवी वस्तू नाकारायची नाही. ती राष्ट्रीय इमारत संहितेच्या संबंधित भागांशी जुळली पाहिजे आणि मजबुती, आग, पाणी, टिकाऊपणा या बाबतींत निदान नेमून दिलेल्या साहित्याइतकी चांगली असल्याचं दाखवता आलं पाहिजे. पुरावा अपुरा असेल तर मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी मागता येते, खर्च मालकाचा. या संहितेच्या, म्हणजे एनबीसी २०१६ च्या, सहाव्या भागात प्रीफॅब आणि मिश्र बांधकामाचा स्वतंत्र विभागही आहे. म्हणजे दार उघडं आहे, फक्त आत जाताना हातात पुरावा लागतो. आपण काय करतो? "तात्पुरतं शेड आहे" म्हणून मागच्या दाराने जातो. तात्पुरत्या शेडमध्ये पोरगं पाच वर्षं झोपतं, अभ्यास करतं, एसी लावतं.

त्यात छोट्या प्लॉटांना, १५० चौरस मीटरपर्यंतच्या, नियमावलीने कमी जोखमीची सोपी वाट दिली आहे. सोपी म्हणजे पालिकेची छाननी हलकी आणि आपली सही जड.

पुराव्याचा एक चांगला नमुना आपल्याच देशात आहे. बीएमटीपीसी या केंद्र सरकारच्या संस्थेची पॅक नावाची मूल्यांकन प्रमाणपत्रं असतात, ज्या वस्तूंना भारतीय मानक नाही अशांसाठी. चाचण्या, मर्यादा, कुठे वापरावं, कुठे वापरू नये, किती मुदत, सगळं त्यात लिहिलेलं असतं. विक्रेते त्याचं फक्त पहिलं पान दाखवतात. मर्यादांचं पान मागा, खरा मजकूर तिथे असतो. इंदूरच्या लाइट हाउस प्रकल्पाचं, म्हणजे केंद्र सरकारच्या नव्या तंत्राच्या घरकुलांचं, उदाहरणही सर्रास दिलं जातं. "बघा सर, १०२४ घरं सँडविच पॅनलची!" खरं आहे. १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत जे प्रकल्प सुरू झाले त्यातला तो. पण तिथले मजले उभे आहेत ते स्टीलच्या सांगाड्यावर. पॅनल आडोसा करतो, गारवा देतो, भार घेत नाही. इंदूरचं नाव सांगून सांगाड्याशिवाय खोली विकायची, ही लबाडी झाली. मला शब्द जपून वापरायची सवय आहे, पण इथे दुसरा सापडत नाही.

आता वाऱ्याचं. भूकंपाला हलकेपणा चांगला, वाऱ्याला तोच घात करतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वादळ उठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात पत्रे उडाल्याची बातमी ठरलेली. आयएस ८७५ या इमारतीवरच्या भारांच्या मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्याला सेकंदाला ३९ मीटर हा मूळ वेग दिलाय, आम्ही इथे तोच धरतो. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की चौरस मीटरला ९१२ न्यूटन, म्हणजे साधारण ९३ किलोचा दाब. दार उघडं राहिलं आणि वारा आत शिरला तर छताला वर उचलणारा जोर जवळपास तेवढाच धरा. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर छत. वर ओढणारा जोर एक टन. छताचं स्वतःचं वजन सव्वाशे-दीडशे किलो. उरलेले साडेआठशे किलो कोण धरून ठेवणार? हा ढोबळ हिशोब आहे, सुधारणा गुणक लावले की थोडा इकडेतिकडे होईल. पण चौथीतल्या पोरालाही कळेल की उत्तर 'स्क्रू' असं एका शब्दात देता येत नाही.

आणि स्क्रू-अँकर तरी कशात? माझ्या पाहणीतली सगळ्यात नेहमीची चूक इथे आहे. फॅब्रिकेटर बेस चॅनेल (भिंत जिच्यात बसते ती खालची लोखंडी पन्हळ) ठेवतो, ड्रिल मारतो, तीन इंची अँकर ठोकतो, पाना घट्ट बसला की खूश. पण आपल्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर चार-पाच इंच ब्रिकबॅट कोबा, म्हणजे वीटतुकड्यांचा थर, असतो. तीन इंची अँकर कोब्यातच संपतो. खालच्या काँक्रीटला त्याचा स्पर्शही झालेला नसतो. एक टनाच्या ओढीला वीटतुकडे धरून ठेवणार! वर कोब्याला भोक पडल्यामुळे पावसाळ्यात खालच्या बेडरूमचं छत गळतं ते वेगळंच. मालक मग वॉटरप्रूफिंगवाल्याला शिव्या देतात.

छतावर काय चढणार हेही कुणी विचारत नाही. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात ज्या छतावर माणसं जात नाहीत त्याला चौरस मीटरला ७५ किलोचा भार धरतात, जिथे जातात तिथे १५० चा. सोलापुरात असं छत कोणतं जिथे कुणी जात नाही? शिडी लावली की वर कुरडया-पापड, गाद्या, डिश अँटेना आणि पुढच्या वर्षी हजार लिटरची काळी टाकी. टाकीचं एक टन रात्रंदिवस तिथेच. फोम असा सततचा भार आला की हळूहळू वाकत जातो, काढला तरी पुरता परतत नाही. म्हणून पॅनलच्या छताखाली पर्लिन, म्हणजे आडव्या लोखंडी तुळया, नसतील तर टाकीला माझी साफ ना आहे.

आगीबद्दल लिहिताना हात जड होतो. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले, त्यात मालक, त्यांच्या घरची माणसं आणि कामगार होते. तिथे पॅनल होते असं मी म्हणत नाही, तसा काही संबंध जोडायचाही नाही. पण सूत, टॉवेल, वेल्डिंग, जुनं वायरिंग आणि वरच्या मजल्यावर राहणारी माणसं हे आपल्या गावाचं चित्र आहे, आणि त्या चित्रात आता आपण फोमच्या भिंती घालतोय. माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं "बी-२ फायर रेटेड". गिऱ्हाईक समजतं, आगीला दाद देत नाही. बी-२ हा जर्मन मानकातला वर्ग आहे आणि त्याचा अर्थ साधारण पेट घेणारं. त्याच्या खाली फक्त सहज पेटणारं असा बी-३ उरतो. कुणी अमेरिकन ई-८४ चा दाखला देतो. ती चाचणी पृष्ठभागावरून ज्वाला किती पसरते ते मोजते. भिंत आगीत किती मिनिटं उभी राहते ते मोजणारी ई-११९ वेगळी. एकीचा निकाल दाखवून दुसरीचा विश्वास कमवायचा, असं चाललंय. आयआरसीमध्ये फोम खोलीच्या बाजूने उघडा ठेवता येत नाही, आतून निदान अर्धा इंच जिप्समचा बोर्ड लागतो. आपल्याकडे आत चकचकीत पत्रा ठेवतात, "वॉशेबल आहे" म्हणून. एक जिप्सम बोर्ड वाढवा. खर्च किरकोळ आहे आणि आतल्या माणसाला जिन्यापर्यंत पोचायला काही मिनिटं मिळतात.

इलेक्ट्रिशियन बंधूंनाही हे पत्र वाचून दाखवा. पॅनल लागला की तो ग्राइंडर घेऊन येतो आणि स्विचबोर्डापासून पंख्यापर्यंत आडवी-उभी चर मारतो. विटेच्या भिंतीत चालतं हो. इथे त्याने गर्डरची पट्टीच कापलेली असते. पाइपांच्या वाटा कारखान्यात गाभ्यातूनच घालायच्या असतात, बोर्डाच्या खाचेचे कोपरेसुद्धा रेघेपुढे कापायचे नसतात, खाचेचं तर अमेरिकन कोडमध्येही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे विजेचा नकाशा पॅनलच्या ऑर्डरआधी. आपल्याकडे विजेचा नकाशा वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी भिंतीवर पेन्सिलीने काढतात.

सांध्यांचं थोडक्यात सांगतो. अलास्कातल्या जुनो गावात २००१ च्या सुमाराला पॅनलची छतं कुजल्याचं उघड झालं. पॅनल ठीक होते, सांधे नीट सील केले नव्हते. घरातली दमट हवा फटीतून वर जाऊन थंड बोर्डाखाली पाणी धरायची. आपल्याकडे थंडीचा तो प्रश्न नाही, पण पाऊस आहे, गंजणारा पत्रा आहे आणि सिलिकॉनच्या एका नळकांडीत चार खोल्या उरकणारे कारागीर आहेत.

मागच्या आठवड्यात हे सगळं एका ओळखीच्या फॅब्रिकेटरला ऐकवलं. चहा संपेपर्यंत ऐकून तो म्हणाला, "सर, तुम्ही लई खोलात शिरायलाव. गिऱ्हाईक दुसरीकडं जातंय." त्याचं खरं आहे. मी नाही म्हटलं की ते चार गाळे सोडून दुसऱ्या ऑफिसात जातं. म्हणूनच एकट्याने नाही म्हणून भागत नाही, सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारायला हवा: या पॅनलची, या जाडीची, या सांध्यासकट झालेली चाचणी दाखवा. नसेल तर आत स्टीलचा सांगाडा घ्या आणि पॅनलला नुसता आडोसा म्हणून वापरा. तेही चांगलं बांधकाम आहे, त्याचा हिशोब आपल्या नेहमीच्या कोडने होतो आणि गारवा तोच मिळतो. खर्च वाढतो, मान्य. पण त्या खर्चाची भीती घालून आपणच गिऱ्हाइकाला सांगाडा नको म्हणतो, असंही मी पाहिलंय.

विक्रेत्यांना एवढंच: प्रत्येक पॅनलवर गाभा कुठला, घनता किती, पत्रा किती जाडीचा, कारखाना आणि बॅच कोणती हे छापून घ्या, आणि भार घेण्यासाठी नसेल तर तसं मराठीत लिहा. रंगाच्या डब्यावर लिहितात, पॅनलवर का नको? तुमच्यातले दोघे-तिघे खरोखर चांगला माल आणतात, मला माहीत आहे. स्वस्तातल्या मालाने पहिलं छत उडालं की तुमचाही धंदा बसेल.

आर्किटेक्ट आणि इंजिनीअर मित्रांनो, एक ठोस गोष्ट सुचवतो. गावात जे चार-पाच प्रकारचे पॅनल विकले जातात, त्यांचे नमुने वर्गणी काढून चाचणीला पाठवू. वाकण्याची, दाबाची आणि पत्रा सोलण्याची चाचणी एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये करून घेता येते; आगीसाठी रुरकीच्या सीबीआरआयसारखी संस्था आहे. निकाल सगळ्यांना खुले. आणि एक बेस चॅनेलचा ड्रॉइंग करू: कोबा कापून अँकर काँक्रीटमध्ये किती जाईल, किती अंतरावर, वरून कोबा परत कसा भरायचा. एक पान. फॅब्रिकेटर ते लॅमिनेट करून गाडीत ठेवेल. माझा कच्चा ड्रॉइंग तयार आहे, चुका काढायला माणसं हवीत.

दर शनिवारी चारनंतर मी ऑफिसात असतो. येताना आपण विकता किंवा वापरता त्या पॅनलचा हातभर तुकडा घेऊन या. करवत आणि एक रुपयाचं नाणं माझ्याकडे आहे.

आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनीअर
सोलापूर